चौथ्या वर्षाचं ‘संशोधन’ म्हणजे नेमकं काय करायचं असतं?

गेली दोन-तीन वर्षं पालक भेटले की एक प्रश्न हमखास विचारतात : मुलीचं बीएस्सी तीन वर्षांत संपवायचं की चौथं वर्ष करायचं? नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीची नवी रचना आली. तीन वर्षं पूर्ण केली की नेहमीची पदवी. चौथं वर्ष केलं की ‘ऑनर्स’. या चौथ्या वर्षाला दोन वाटा फुटतात. एकीत आणखी विषय शिकायचे, दुसरीत एका प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली स्वतः संशोधन करायचं. या दुसऱ्या वाटेचं नाव ‘ऑनर्स विथ रिसर्च’, आणि सगळे अडखळतात ते इथेच. संशोधन म्हणजे पांढरा कोट, मोठी यंत्रं, पीएचडी झालेली माणसं. वीस-एकवीस वर्षांची पोरं त्यात काय करणार?

मी पदवीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. हा प्रश्न मला मुलंही विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे.

प्रॅक्टिकल तर पहिल्या वर्षापासून करतोच की

प्रॅक्टिकलला जे करतो ते संशोधन नव्हे. लंबक झुलवून गुरुत्वत्वरण काढताना उत्तर ९.८ च्या आसपास यायला हवं हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. ७.४ आलं तर मुलं काय करतात? शेजारच्या टेबलावर बघतात आणि रीडिंग ‘जुळवतात’. जर्नल पूर्ण होतं, सही मिळते.

संशोधनात जुळवायला शेजारचं टेबलच नसतं. उत्तर तुम्हाला माहीत नसतं, मॅडमना माहीत नसतं, पुस्तकातही नसतं. ७.४ आलं तर ते ७.४ का आलं, हे शोधणं हेच काम होऊन बसतं. प्रॅक्टिकल करणं म्हणजे ठरलेल्या मापाने भाकरी थापायला शिकणं. संशोधन म्हणजे घरात नेहमीचं पीठ नाही, कुणी न वापरलेलं धान्य आलंय, आणि त्याची भाकरी होते का हे पाहणं. थापायचा हात आधी तयार हवा हे खरं, पण पाणी किती घालायचं हे कुणीच सांगू शकत नाही.

नियम काय सांगतात

क्रेडिट म्हणजे अभ्यासाला दिलेल्या वेळेचं माप. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या पदवीला किमान १६०. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात चौथ्या वर्षातल्या संशोधन प्रकल्पाला १२ क्रेडिट दिले आहेत. एका क्रेडिटला कामाचे ३० तास धरले तर ३६० तास होतात. वर्षातले कामाचे आठवडे तीसेक धरा, म्हणजे दर आठवड्याला बारा तास. रोज दोन तास आणि रविवारी सुट्टी, असा हिशोब करून पाहा. शेवटच्या पंधरवड्यात बाहेरून टाइप करून आणलेली ‘ब्लॅक बुक’, म्हणजे प्रकल्पाचा बांधीव अहवाल, या हिशोबात कुठेच बसत नाही, हे मुलांनी आणि आम्हा शिक्षकांनीही मनावर घ्यायला हवं.

ही वाट सगळ्यांना खुली नाही. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. पुढचा फायदा असा की ७५ टक्क्यांनी चार वर्षांची पदवी पूर्ण केली, तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे एमएस्सी किंवा एमए न करताही पीएचडीच्या प्रवेशप्रक्रियेत उतरता येतं. राखीव प्रवर्गांना त्यात सवलत आहे. आणि एमएस्सी करायचंच असेल तर ते दोनाऐवजी एका वर्षाचं होऊ शकतं.

विषय नको, प्रश्न आणा

जूनमध्ये मुलगी येते आणि म्हणते, “मॅडम, मला पाणी प्रदूषणावर करायचंय.” हा विषय झाला. विषयावर निबंध लिहिता येतो, संशोधन करता येत नाही. संशोधनाला प्रश्न लागतो, तोही एका वर्षात आणि हाताशी असलेल्या साधनांनी उत्तर मिळेल एवढा लहान.

तिला विचारायचं, कुठलं पाणी? गावातल्या विहिरींचं. पाण्यातलं काय मोजणार? सगळं. सगळं नाही, एक काहीतरी सांग. मग ती वाचायला बसते आणि आठवड्याने येऊन नायट्रेट म्हणते. पिकाला घातलेला युरिया मातीत मुरतो, त्याचं नायट्रेट होतं आणि पावसाबरोबर ते खाली विहिरीत उतरतं, असं तिच्या वाचनात आलेलं असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. आता प्रश्नाला आकार येऊ लागतो : मळ्यातल्या विहिरी आणि गावठाणातले आड यांच्या पाण्यात नायट्रेट सारखंच असतं का, आणि पावसाळ्याआधी व नंतर त्यात किती फरक पडतो?

हा प्रश्न लहान दिसतो, पण त्यात किती गोष्टी दडल्यात बघा. मळ्यातल्या किती विहिरी घ्यायच्या? एकच घेतली तर ती नेमकी वेगळी निघाली असं होऊ शकतं. ओळखीच्यांच्याच विहिरी निवडल्या तर? बाटली कशाने धुतली? आदल्या रात्री पाऊस झाला होता का? नमुना बर्फात आणला की एसटीत मांडीवर ठेवून? नायट्रेटचा नमुना थंड ठेवून दोन दिवसांच्या आत तपासायचा असतो, नाहीतर बाटलीतले सूक्ष्मजीव त्याचं प्रमाण बदलून टाकतात. मोजायचं कसं? बऱ्याच कॉलेजांत स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो. पाण्यातून ठरावीक रंगाचा प्रकाश सोडायचा आणि किती शोषला गेला ते बघायचं, एवढंच त्याचं काम. नायट्रेट २२० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं, तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. पण कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे अंशही तोच प्रकाश शोषतात. मग २७५ नॅनोमीटरलाही मोजायचं, कारण तिथे नायट्रेट जवळजवळ काहीच शोषत नाही, आणि त्यावरून पाल्याचा वाटा वजा करायचा. ही वजाबाकी राहून गेली तर पानं पडलेली प्रत्येक विहीर ‘प्रदूषित’ ठरेल.

आता समजा आकडे आले आणि ते उलटेच निघाले. युरिया पडतो त्या मळ्यात नायट्रेट कमी, गावठाणातल्या आडांत जास्त. प्रॅक्टिकलच्या सवयीचं मन म्हणतं, चुकलं. संशोधनाच्या सवयीचं मन पुन्हा गावात जातं आणि आडाच्या आजूबाजूला काय आहे ते बघतं. गोठा आहे. उकिरडा आहे. पलीकडच्या घराचा शोषखड्डा वीस पावलांवर आहे. नायट्रेट शेणामुतातूनही येतं. आता पुढच्या वर्षीच्या मुलीसाठी नवा प्रश्न तयार झाला : आड आणि शोषखड्डा यांतलं अंतर आणि नायट्रेट यांचा काही मेळ लागतो का?

पदवीच्या वर्षातलं चांगलं संशोधन एवढंच असतं. मला ते फार मोलाचं वाटतं.

मग गाईड काय करतात?

खेड्यात विहिरीत पोहायला शिकलेल्यांना आठवत असेल. पाठीला सुका भोपळा बांधलेला असतो आणि काका किंवा मामा आधीच पाण्यात उतरलेले असतात. ते तुमच्यासाठी पोहत नाहीत. हातभर अंतरावर राहतात, तुम्ही नाकातोंडात पाणी घेता तेव्हा धरतात, आणि एक दिवस न सांगता भोपळा सोडून टाकतात. गाईडचं काम याच जातीचं. भोपळा कधी सोडायचा हे ओळखणं त्यात सगळ्यांत अवघड.

चांगला गाईड शंका घेतो, आणि ती शंका खोडून काढण्याची संधीही देतो. १९१६ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या जे मॅक्लिन या विद्यार्थ्याला प्राध्यापक विल्यम हॉवेल यांनी एक साधं काम दिलं. रक्त गोठायला मदत करणारा एक पदार्थ मेंदूच्या ऊतींतून काढला जाई, तो कितपत शुद्ध आहे ते तपासायचं. मॅक्लिनने तसेच अर्क हृदयातून आणि यकृतातूनही काढले. यकृताचा जुना अर्क रक्त गोठवायचं सोडून उलट गोठू देईना. हे हॉवेल यांना पटलं नाही. मॅक्लिनने पुढे सांगितलेल्या आठवणीप्रमाणे त्याने मांजराच्या रक्ताने भरलेल्या भांड्यात तो अर्क घातला, ते भांडं सरांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, हे गोठलं की मला सांगा. ते गोठलंच नाही.

त्या धाग्यावरून हॉवेल आणि इतरांनी पुढे बरीच वर्षं काम केलं आणि हेपॅरिन हाती आलं. डायलिसिस किंवा हृदयाची शस्त्रक्रिया चालू असताना नळ्यांतलं रक्त गोठू नये म्हणून हेच औषध वापरतात. काम सरांनी नेमून दिलेलं होतं, पण त्यात आलेली विसंगती विद्यार्थ्याने दडवली नाही आणि सरांच्या शंकेपुढे तो गप्पही बसला नाही. ‘सरांना आवडेल ते उत्तर’ द्यायची सवय आपल्याकडे शाळेपासून लागते. ती सुटली नाही तर चौथं वर्ष वाया गेलं असं मी म्हणेन.

प्रत्यक्षात गाईडकडून एका गोष्टीची खात्री आधी करून घ्यावी : दर आठवड्याला ठरलेली भेट, अर्ध्या तासाची का असेना. महिनाभर भेट नाही आणि मग एकदम ‘चॅप्टर आणून दाखव’, यातून कुणी शिकत नाही.

इतक्या लहान वयात खरंच काही नवं हाती लागतं?

दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना १९२७ साली फर्ग्युसन कॉलेजात विद्यार्थी असताना स्वतंत्र गणिती कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं होतं. पुढे ते देवळालीत शाळामास्तर होते, आणि ६१७४ ही संख्या आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. त्यांना लागली ती वही आणि पेन्सिल.

अगदी अलीकडचं उदाहरण अँड्र्यू क्रापिविन याचं. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात पदवीला असताना त्याने एक शोधनिबंध वाचला आणि संगणकात माहिती साठवण्याच्या एका जुन्या पद्धतीत सुधारणा करायला घेतली. ही पद्धत याहून वेगवान होऊ शकत नाही, असा तर्क अँड्र्यू याओ या मोठ्या शास्त्रज्ञाने १९८५ साली मांडला होता, आणि तो क्रापिविनला माहीतच नव्हता. त्याने काम दाखवलं तेव्हा त्याचे प्राध्यापक मार्टिन फॅराक-कोल्टन यांना आधी विश्वास बसला नाही. पडताळणी झाली, आणि २०२५ च्या जानेवारीत ते दोघं आणि आणखी एक सहकारी अशा तिघांच्या नावाने निबंध आला. चाळीस वर्षांचा तर्क चुकीचा ठरला होता.

आपल्या पुण्यातलंच बघा. सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या मुलांनी ‘स्वयम्’ नावाचा जेमतेम एक किलोचा उपग्रह तयार केला. काम २००८ मध्ये सुरू झालं आणि २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ यानाने तो अवकाशात नेला. सुरुवात करणारी मुलं तोवर नोकरीलाही लागली होती. एका बॅचने लिहून ठेवायचं आणि पुढच्या बॅचने तिथून उचलायचं, असं आठ वर्षं चाललं. नीट लिहून ठेवणं हे संशोधनात किती मोठं काम आहे, हे मुलांना पटवताना मी हेच उदाहरण देते.

अर्थात ही उदाहरणं विरळा आहेत. बहुतेकांच्या हाती विहिरीतल्या नायट्रेटएवढंच काही लागेल, आणि ते पुरेसं आहे.

वर्षभर राबून काहीच सापडलं नाही तर?

पाणाड्याने दाखवलेल्या जागी पन्नास फूट खणलं आणि पाणी लागलं नाही, तर खणणाऱ्याचं मन मोडतं. पण शेजारच्या शेतकऱ्याचे पैसे वाचतात. संशोधनातली कोरडी विहीरही अशीच उपयोगी असते, मात्र ती कुठे, किती खोल आणि कशी खणली हे नीट नोंदलेलं हवं. परीक्षकांनीही इथे बदलायला हवं. ‘फरक आढळला नाही’ हा निष्कर्ष पाहून गुण कापले, तर पुढच्या वर्षी मुलं फरक तयार करून आणतील.

“सर आपलंच काम करून घेतात”

ही तक्रार खोटी नाही. बाटल्या धुणं, शेकडो फॉर्म संगणकात भरणं, यातच काही मुलांचं वर्ष जातं. थोडी हमाली प्रत्येकाच्या वाट्याला येते, मलाही आली होती. पण आपण भरतोय त्या आकड्यांवरून कोणता प्रश्न सुटणार आहे, हे मुलाला सांगता येत नसेल तर ते शिकणं नव्हे, फुकटची मजुरी झाली.

श्रेयाचा प्रश्न याहून नाजूक. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग यांच्यासोबत इन्सुलिनवर राबणारा चार्ल्स बेस्ट नुकताच पदवीची परीक्षा दिलेला बावीस वर्षांचा मुलगा होता. १९२३ चं नोबेल बँटिंग आणि प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्लिऑड यांना मिळालं, बेस्टचं नाव त्यात नव्हतं. बँटिंग यांनी आपल्या वाट्याची अर्धी रक्कम बेस्टला दिली. कुणाचं योगदान किती, यावर इतिहासकार अजून वाद घालतात.

एवढं मोठं काही आपल्या वाट्याला येणार नाही, पण नियम तोच. ज्याने प्रश्न घडवण्यात, काम करण्यात किंवा अर्थ लावण्यात खरा वाटा उचलला आणि लिखाणाची जबाबदारी घेतली, तो लेखक. यंत्र वापरायला दिलं किंवा विभागप्रमुख आहेत म्हणून नाव, असं होत नाही. त्यांचे आभार मानायचे. हे बोलणं कामाच्या सुरुवातीलाच व्हावं. मुलाला संकोच वाटतो, म्हणून विषय गाईडने काढावा.

पेपर छापायलाच हवा का?

नाही. चौथ्या वर्षाला लागतो तो प्रबंध, म्हणजे केलेल्या कामाची सविस्तर, प्रामाणिक नोंद. तरी ‘दोन दिवसांत पेपर छापून देतो, सर्टिफिकेटसह’ असे मेसेज मुलांच्या फोनवर येतात. खरं संशोधन-नियतकालिक तुमचा निबंध त्याच विषयातल्या अनोळखी जाणकारांकडून तपासून घेतं, आणि त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात. पैसे भरा आणि छापा म्हणणाऱ्यांकडे कुणीच काही तपासत नाही. यूजीसीने विश्वासार्ह नियतकालिकांची ‘केअर’ यादी ठेवली होती, ती २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली. आता पारख कॉलेजनेच करायची आहे. अशा ठिकाणी छापलेला पेपर पुढे मुलाखतीत अडचणीचा ठरतो. काम दाखवायचंच असेल तर राज्यातल्या विद्यापीठांचा ‘आविष्कार’ महोत्सव आहे. २००६ पासून चालू आहे, पदवीच्या मुलांचा त्यात वेगळा गट असतो आणि परीक्षक समोर उभे राहून प्रश्न विचारतात.

एआयला सांगून प्रबंध लिहून घेतला तर? भाषा तपासायला, अवघड निबंध समजून घ्यायला त्याची मदत होते. पण तो ऐटीत खोटे संदर्भही देतो, आणि विहिरीवर तुमच्याऐवजी जाऊ शकत नाही. म्हणून मी प्रबंधाआधी कच्ची वही मागते : तारीख, वेळ, खाडाखोड, पाण्याचे डाग पडलेली. तोंडी परीक्षेत त्या वहीतलं कुठलंही पान उघडायचं आणि विचारायचं, या दिवशी काय झालं होतं?

आमच्या कॉलेजात यंत्रं नाहीत, कायम प्राध्यापकही नाहीत

हा आक्षेप सगळ्यांत जड आहे, आणि याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अनेक विभाग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. ज्यांना दर तासाचे पैसे मिळतात आणि सुट्टीत मिळत नाहीत, त्यांनी आठवड्याची अर्ध्या तासाची भेट कुठल्या हिशोबात द्यायची? जागा भरल्याशिवाय ही योजना कागदावर राहील, हे स्पष्ट बोलायला हवं.

यंत्रांची अडचण मात्र थोडी सुटते. बाजार समित्यांतली रोजची आवक आणि भाव सरकारच्या ॲगमार्कनेट संकेतस्थळावर आहेत. वाणिज्यचा विद्यार्थी विचारू शकतो : लासलगावला कांद्याचा भाव पडला की आपल्या तालुक्याच्या बाजारात तो किती दिवसांनी पडतो? मराठीची विद्यार्थिनी विचारू शकते : तिफण, कुळव, नाडा, मोट या शेतीतल्या जुन्या शब्दांपैकी किती आजीला माहीत आहेत आणि किती नातीला? नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणं ठरावीक काळानंतर सगळ्यांना खुली होतात, त्यांना संगणक आणि चिकाटी लागते. माणसांकडून माहिती घ्यायची असेल तर कशासाठी घेतोय ते आधी सांगायचं, ‘नाही’ म्हणायची मोकळीक द्यायची आणि नावं गुप्त ठेवायची. हे टाळता येत नाही.

शिवाय बाहेरची दारं आहेत. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र २००४ पासून पदवीच्या मुलांसाठी ‘एनआययूएस’ हा उपक्रम चालवतं. देशातल्या विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप आहे. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) अल्पमुदतीची विद्यार्थीवृत्ती १९७९ पासून आहे. यासाठी चौथ्या वर्षापर्यंत थांबायची गरज नाही, दुसऱ्या वर्षापासूनच जाहिरातींवर लक्ष ठेवा.

निकाल कुणाला सांगायचा?

प्रबंध विद्यापीठात जमा होतो, तोंडी होते, गुण लागतात. पण ज्यांच्या आडातून पाणी काढलं त्या घरी कुणी परत जात नाही, आणि ही गोष्ट मला सतत टोचते. म्हणून माझ्याकडच्या मुलांना शेवटचं काम असतं एका पानाचं, साध्या मराठीत. वर तारीख, मध्ये आडाचं पाणी आणि आकडा, शेजारी ४५ ची मर्यादा. खाली दोन ओळी : पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं, आणि घरात तान्हं बाळ असेल, त्याला वरचं दूध किंवा पावडर कालवून देत असाल, तर ते या पाण्यात कालवू नका. एक प्रत त्या घरी, एक ग्रामपंचायतीत. ग्रामपंचायतीतल्या प्रतीवर पोच घ्यायची, आणि ती पोच प्रबंधाच्या शेवटच्या पानाला लावायची.